अंगठा, सही आणि पिन

वेंगुर्ल्यात आमच्या बचत गटांच्या कॉम्प्युटर वर्गात पहिल्या दिवशी आम्ही कुणाच्या हातात माऊस देत नाही. आधी सुप्याची गोष्ट सांगतो.

सुपे हे पुणे जिल्ह्यातलं गाव. 12 मे 1875 रोजी तिथले शेतकरी सावकारांवर चालून गेले. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच घडलं. लोकांनी माणसांवर फारसा हात उचलला नाही. त्यांना हवे होते कर्जरोखे, आणि हाती लागले ते त्यांनी जाळले. कारण कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र आपलाच होता. सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली कायदा आला. त्यात गावपातळीवर रजिस्ट्रार ठेवले, रोखा त्यांच्यासमोर लिहायचा.

पुढे शंभर वर्षांनी साक्षरता मोहीम आली. आमच्या आया-आज्या कंदिलाखाली सही गिरवायला शिकल्या, तेव्हा आमच्यापैकी काहीजणी मांडीवर होतो. बँकेत शाईचं पॅड बाजूला सारून सही करताना आईचा चेहरा कसा व्हायचा, ते आम्ही पाहिलंय.

कॉम्प्युटर मात्र आमच्यापर्यंत उशिरा पोचला. एमएस-सीआयटी 2001 मध्ये सुरू झाली, पण ती नोकरी शोधणाऱ्यांसाठी. 2017 च्या केंद्राच्या डिजिटल साक्षरता योजनेत वीस तासांचं शिक्षण होतं, घरटी एकाला. आता घरातून कोण गेलं असेल, हे तुम्हाला सांगायला नको!

आणि गंमत बघा, एवढ्या कष्टाने सोडलेला अंगठा परत आला. आधारच्या मशीनवर अंगठा ठेवला की पैसे निघतात. म्हणून आम्ही सांगतो, अंगठा ठेवण्याआधी मशीनवरची रक्कम वाचा. पावती मागा. 'अंगठा लागला नाही, परत ठेवा' म्हणाले, तर आधी खातं तपासा.

पिन आणि ओटीपी म्हणजे आजची सही. ती फोनवरच्या अनोळखी माणसाला सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं. आमच्या गटातल्या एका ताईला फोन आला, 'तुमच्या योजनेचा हप्ता अडकलाय, पिन टाका.' तिने टाकला. गटाच्या कर्जाचे नऊ हजार गेले. घरात बोलणी बसतील म्हणून तीन दिवस ती गप्प राहिली. पैसे काही परत आले नाहीत. त्या तीन दिवसांचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. लगेच 1930 वर फोन केला असता, तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. गटात हे आधी बोललो असतो, तर ती आमच्याकडे आली असती.

ही हकिगत वर्गात सांगितली तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, "गो बाय, पैसे येवचे आसत तर पिन कित्याक व्हयो?" अगदी बरोबर. पैसे घेताना पिन लागत नाही, देताना लागतो. आजी शाळेत गेलेली नाही.

पुढच्या वर्गात आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते बघू. आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या. मुलाचा नंबर जोडलेला असेल, तर मुलालाही घेऊन या.