तळटीप : दहा चिठ्ठ्यांचा डबा

* ‘चारही अंक वेगळे’ : नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना १९४९ मध्ये ६१७४ हा स्थिरांक गवसला. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जायच्या त्यांच्या कृतीला चारही अंक एकच नसले की पुरते. लेखकाने अट उगाच कडक केली आहे. असो. डब्यात ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या. काढलेली परत न टाकता चार उचलल्या, तर १०×९×८×७ = ५०४० क्रम; परत टाकत गेलो, तर १०,०००. म्हणून परत टाकूनही चारही वेगळे येण्याची संभाव्यता ०.५०४, जवळजवळ छापा-काटाच. पहिला अंक शून्य नको म्हटले तरी ४५३६/९००० म्हणजे पुन्हा ०.५०४! मूळ आवृत्तीत ०.७२९ छापले होते. दुसऱ्या चिठ्ठीनंतरही डबा रिता होत जातो, हे तिथे निसटले. — संपा.