सीएनसी मिलिंग यंत्रातील अक्ष स्थाननिश्चिती दोष

सीएनसी मिलिंग यंत्राचा एखादा अक्ष आज्ञेनुसार जेथे पोहोचावयास हवा आणि प्रत्यक्षात जेथे पोहोचतो, या दोन स्थानांतील फरकास अक्ष स्थाननिश्चिती दोष असे म्हणतात. या दोषामुळे छिद्रांमधील अंतरे चुकतात, वर्तुळांचा आकार बिघडतो आणि मर्यादेबाहेर गेलेला कार्यखंड भंगारात काढावा लागतो. दोषाचे मूळ यांत्रिक भागांत, विद्युत यंत्रणेत, तापमानात किंवा नियंत्रकातील मूल्यांत असू शकते. कारणानुसार दोषाचे स्वरूप बदलत असल्याने दुरुस्तीपूर्वी ते मोजून घेणे आवश्यक असते.

स्थान मोजण्याची रचना

बहुतेक यंत्रांत सर्व्हो मोटर कपलिंगद्वारे किंवा पट्ट्याद्वारे बॉल स्क्रू फिरवते आणि स्क्रूवरील नट टेबल सरकवतो. मोटर किती फिरली हे तिला जोडलेला एन्कोडर नियंत्रकास कळवतो. या अर्धबंद लूप रचनेत पडद्यावरील आकडा मोटरच्या फिरण्यावरून काढलेला असतो. टेबल प्रत्यक्ष मोजलेले नसते. त्यामुळे कपलिंग घसरले किंवा नट झिजला, तरी पडद्यावर अपेक्षित आकडाच दिसतो. पूर्णबंद लूप यंत्रांत रेषीय मापपट्टीद्वारे टेबलाचे स्थान थेट मोजले जाते. स्टेपर मोटरवरील अनेक लहान यंत्रांत मात्र स्थानाची उलटतपासणी करणारी कोणतीही व्यवस्था नसते.

दोषाचे स्वरूप व संभाव्य कारणे

* *दिशा बदलताना येणारा दोष (बॅकलॅश):* झिजलेला नट, सैल झालेले आधार बेअरिंग किंवा ढिला पट्टा. अक्षाची दिशा जेथे उलटते तेथे, म्हणजे वर्तुळाच्या चार चतुर्थांशबिंदूंवर, खूण उमटते.
* *अंतराच्या प्रमाणात वाढणारा दोष:* स्क्रूच्या पिचमधील त्रुटी, नियंत्रकातील चुकीचे गुणोत्तर किंवा उष्णतेमुळे होणारे प्रसरण. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सियसमागे सुमारे ११ ते १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते. त्यामुळे ५०० मि.मी. लांबीचा स्क्रू ५ अंशांनी तापल्यास सुमारे ०.०३ मि.मी. वाढतो.
* *स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यास पुन्हा येणारा दोष:* वाकलेला स्क्रू किंवा एका रेषेत न बसलेले कपलिंग.
* *काम चालू असताना साठत जाणारा दोष:* घसरणारे कपलिंग किंवा स्टेपर मोटरची हुकलेली पावले. २०० पावलांच्या मोटरचा ताल सुटल्यास ती बहुधा चार पावलांच्या पटीत चुकते, ५ मि.मी. पिचच्या स्क्रूवर चार पावले म्हणजे ०.१ मि.मी.
* *यंत्र सुरू केल्यावर बरोबर एका पिचइतका येणारा दोष:* संदर्भबिंदू ठरवणारा स्विच एन्कोडरच्या शून्यखुणेच्या अगदी जवळ लागत असल्यास कधी आधीची, तर कधी पुढची खूण पकडली जाते.
* *अनियमित दोष:* सैल जोडण्या, खराब झालेली केबल किंवा सदोष भूसंपर्क.

निदान

प्रथम हत्याराचे डगमगणे, कार्यखंडाची सैल पकड आणि चुकीचा कार्य-शून्यबिंदू या शक्यता तपासल्या जातात, कारण त्यांचा परिणामही अक्षाच्या दोषासारखाच दिसतो. त्यानंतर कर्तन न करता अक्ष हलवून डायल इंडिकेटरने मोजणी होते.

बॅकलॅश मोजण्यासाठी अक्ष एकाच दिशेने काही अंतर चालवून इंडिकेटर शून्यावर आणला जातो. मग उलट दिशेने ०.०१ मि.मी.च्या पावलांनी आज्ञा दिल्या जातात. काटा हलू लागेपर्यंत दिलेले अंतर म्हणजे वाया गेलेली हालचाल होय. त्याच बिंदूवर एकाच दिशेने अनेकदा येऊन पुनरावर्तनक्षमता पाहिली जाते. अंतराची अचूकता स्लिप गेजने किंवा लेझर व्यतिकरणमापकाने तपासतात. कपलिंगविषयी शंका असल्यास शाफ्ट व कपलिंग यांवर एक सलग रेघ ओढून यंत्र चालवले जाते. रेघ तुटलेली दिसल्यास घसरण सिद्ध होते.

संख्यात्मक नियंत्रित अक्षांची अचूकता व पुनरावर्तनक्षमता ठरवण्याची पद्धत आयएसओ २३०-२ या मानकात, तर वर्तुळाकार चाचण्या आयएसओ २३०-४ मध्ये दिल्या आहेत. लांबीच्या मापनासाठी २० °से. हे संदर्भ तापमान मानले जाते.

दुरुस्ती व भरपाई

नियंत्रकात बॅकलॅशचे मूल्य भरल्यास दिशा बदलताना मोटर तेवढी अधिक फिरते. पिचमधील त्रुटीसाठीही अशीच भरपाई-सारणी वापरतात. तथापि, भरपाईने यांत्रिक ढिलेपणा जात नाही. कटर टेबलास सरकण्याच्या दिशेने ओढत असल्यास सैल अक्ष त्या ओढीने पुढे सरकू शकतो. म्हणून आधी बेअरिंग, नट, कपलिंग व वंगण यांची दुरुस्ती आणि नंतर उरलेल्या लहान, स्थिर त्रुटीची भरपाई, असा क्रम पाळला जातो. अनियमित दोषास भरपाई लागू पडत नाही.

तपासणीसाठी आवरणे उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून कुलूपबंद करणे आवश्यक असते. उभ्या अक्षाचा ब्रेक किंवा मोटर काढण्यापूर्वी त्याला खालून भक्कम आधार द्यावा लागतो, अन्यथा तो स्वतःच्या वजनाने खाली कोसळतो.