पालिकेतून विधिमंडळात : दादासाहेब खापर्डे आणि वऱ्हाडचे प्रतिनिधित्व

इ. स. १७२० मध्ये बाळापूरनजीक झालेल्या लढाईत निजामुल्मुल्काने आलमअली खानाचा पराभव केला आणि दक्षिणेतील आपल्या सत्तेचा पाया घातला. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९२० मध्ये, सुधारित विधिमंडळांच्या पहिल्या निवडणुका झाल्या. तेव्हाही निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व नाममात्र का होईना, शिल्लक होते. बाळापूर-अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या प्रदेशातून निवडून जाणाऱ्या प्रतिनिधीचे कायदेशीर स्वरूप या जुन्या वारशानेच ठरविले. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांची कारकीर्द या दृष्टीने पाहणे उद्‌बोधक ठरते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १९०२ च्या करारान्वये वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला आणि १९०३ मध्ये कारभारापुरता मध्यप्रांतास जोडण्यात आला. तथापि तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाला नाही. परिणामी वऱ्हाडात लोकप्रतिनिधित्वाचा उदय विधिमंडळात न होता स्थानिक संस्थांत झाला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडसाठी ग्रामीण बोर्डांचा व नगरपालिकांचा स्वतंत्र कायदा झाला. रस्ते, शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा या मर्यादित विषयांतच येथील सुशिक्षितांना सार्वजनिक जबाबदारीचे पहिले शिक्षण मिळाले.

खापर्डे यांनी १८८४ मध्ये वकिलीची पदवी घेतली. काही वर्षे सरकारी नोकरी केल्यावर ती सोडून त्यांनी अमरावतीस वकिली आरंभिली. नगरपालिकेचे उपाध्यक्षपद व जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९७ मध्ये अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपदाचा मान त्यांच्याकडे आला. पुढे ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी झाले. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर प्रिव्ही कौन्सिलमधील अपिलाच्या कामासाठी ते विलायतेस गेले आणि १९१० मध्ये परतले.

म्युनिसिपल सभागृहात आणि न्यायालयात कमावलेली वादकुशलता त्यांना वरिष्ठ विधिमंडळात उपयोगी पडली. रौलेट समितीच्या अहवालाचा विचार तहकूब ठेवावा, असा ठराव त्यांनी सप्टेंबर १९१८ मध्ये मांडला. तो फेटाळला गेला. परंतु पुढील वर्षी उसळलेल्या प्रक्षोभाची पूर्वसूचना त्यात होती.

१९२० मध्ये टिळक निवर्तले आणि काँग्रेसने विधिमंडळांवर बहिष्कार पुकारला. खापर्डे यांना असहकाराचे धोरण मान्य नव्हते. ते नव्या राज्यपरिषदेत वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि १९२५ पर्यंत तेथे राहिले. मात्र वऱ्हाड ब्रिटिश प्रदेश नसल्यामुळे तेथील मतदारांनी निवडलेल्या व्यक्तीची सरकारने पुन्हा 'नियुक्ती' करावी, अशी तरतूद होती. शिवाय विधिमंडळाने संमत केलेले कायदे वऱ्हाडास आपोआप लागू होत नसत. त्यासाठी गव्हर्नर जनरलचा स्वतंत्र आदेश लागे. ज्या कायद्यावर प्रतिनिधी मत देई, तो त्याच्याच मतदारांपर्यंत पोहोचेल याची शाश्वती नव्हती. त्यातच राज्यपरिषदेचा मताधिकार इतका संकुचित होता की, सबंध हिंदुस्थानात तिचे मतदार सुमारे १७ हजारच होते. बाळापूर तालुक्यातील सामान्य कास्तकारास त्यात स्थान असणे शक्यच नव्हते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पालिकेतून विधिमंडळाकडे जाणे हा प्रतिष्ठेचा चढता क्रम खरा. पण अधिकाराच्या दृष्टीने तो तसा नव्हता. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष एखादी शाळा उघडू शकत असे आणि तिचा लाभ खेड्यातील मुलास प्रत्यक्ष होत असे. राज्यपरिषदेतील सभासदास मात्र केवळ निषेध नोंदविता येई. तरीही त्या निषेधाचे मोल कमी लेखता येत नाही. बाळापूरच्या रणांगणावर ज्या भूमीचे भवितव्य तेथील रयतेस न विचारता ठरले, तिच्या वतीने कोणीतरी सभागृहात उभे राहून बोलावे, ही कल्पना खापर्डे यांच्या पिढीने वऱ्हाडात रुजविली. प्रतिनिधित्वास खरा आशय प्राप्त होण्यास मात्र प्रौढ मताधिकाराची आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची वाट पाहावी लागली.