गरोदरपणातील जोडीदाराची हिंसा : आरोग्यसेवेचा प्रतिसाद

गरोदर स्त्रीवर पतीकडून वा जोडीदाराकडून होणारी शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक हिंसा ओळखणे, उपचार करणे, नोंद ठेवणे आणि तिला पुढील मदत मिळवून देणे, ही आरोग्यकर्मचाऱ्यांची कार्यपद्धती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) मध्ये १८ ते ४९ वयोगटातील, कधीही विवाह झालेल्या स्त्रियांपैकी ३.१ टक्के जणींनी गरोदरपणात मारहाण झाल्याचे सांगितले. हा आकडा केवळ शारीरिक हिंसेचा आहे.

परिणाम व खुणा : पोटावर मार बसल्यास रक्तस्राव होणे, वार वेळेआधी सुटणे किंवा गर्भपात होणे संभवते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाचे कमी वजन आणि नैराश्य यांचाही हिंसेशी संबंध आढळतो. उशिरा नावनोंदणी, चुकलेल्या तपासण्या, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, प्रत्येक प्रश्नाला नवऱ्यानेच दिलेले उत्तर किंवा ‘चुकून’ पोटात गेलेले विषारी औषध या विचारपूस करण्याजोग्या खुणा होत. त्या पुरावा नव्हेत; खुणा न दिसताही हिंसा असू शकते.

विचारपूस : सरसकट प्रत्येक रुग्ण स्त्रीला हिंसेबद्दल विचारावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस नाही. मात्र गरोदरपणातील तपासणीत, आधार देण्याची सोय असल्यास, विचारणा करावी असे ती सुचवते. त्यासाठी एकांत, प्रशिक्षित कर्मचारी आणि पुढे पाठवण्याची ठरलेली व्यवस्था लागते. सासू किंवा नवरा समोर असताना विचारल्यास धोका वाढतो. वजन-रक्तदाबाच्या निमित्ताने स्त्रीला आत एकटीला घेता येते. संघटनेच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत : ऐकून घेणे, गरजा विचारणे, तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणे, सुरक्षितता वाढवणे आणि आधार मिळवून देणे. ‘जुळवून घ्या’ हा सल्ला यात बसत नाही. घर सोडण्याचा आग्रहही नाही. निर्णय तिचाच असतो.

सुरक्षितता व नोंद : मारहाण वाढली आहे का, गळा दाबला गेला का, ठार मारण्याची धमकी दिली का, आत्महत्येचा विचार येतो का आणि रात्री-अपरात्री जाण्यासारखी जागा आहे का, हे विचारले जाते. जखमांचे वर्णन आणि कोणी मारले हे तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहितात. मात्र घरी जाणाऱ्या गरोदरपणाच्या कार्डावर ही माहिती लिहिल्यास ती नवऱ्याच्या हाती पडू शकते.

कायदा : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६) याच्या कलम ७ नुसार पीडितेकडून किंवा तिच्या वतीने विनंती आल्यास रुग्णालयाने उपचार देणे बंधनकारक आहे. आधी घटनेचा अहवाल नोंदवला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तसा अहवाल नसल्यास रुग्णालयाने तो भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळते. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, पतीची सही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी गर्भपात कायद्यापुरता ‘बलात्कार’ या संज्ञेत वैवाहिक बलात्काराचाही समावेश केला.

मुंबईतील ‘दिलासा’ : बृहन्मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र उभारले. केंद्र रुग्णालयातच असल्याने ‘तपासणीला जाते’ एवढे घरी सांगून तेथे येता येते. परिचारिका व डॉक्टर स्त्रीला केंद्राकडे पाठवतात, समुपदेशक पुढील काम पाहतात. हा नमुना नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांत गेला. केरळातील शासकीय रुग्णालयांतही याच कामासाठी ‘भूमिका’ केंद्रे आहेत.

अडचणी : ओपीडीतली गर्दी, आडोशाचा अभाव आणि ‘घरगुती मामला’ ही समजूत. आशा सेविका त्या स्त्रीच्याच गावात राहत असल्याने सेविकेवर त्या घरच्यांचा राग ओढवू शकतो; गुप्तता राखणेही तिला अवघड जाते. बाळंतपणानंतरही हिंसा थांबतेच असे नाही. म्हणून बाळाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील लसीकरणाच्या वेळी पुन्हा विचारपूस करणे उपयुक्त ठरते.