‘टेकॅन’चे कूळ

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅन देतात, बीजांडकोशाच्या कर्करोगावर टोपोटेकॅन. दोन्ही नावांच्या शेवटी येणारे ‘टेकॅन’ हे या औषधांचे आडनाव. एकाच रीतीने काम करणाऱ्या औषधांना जागतिक आरोग्य संघटना असे सामाईक शेवट ठरवून देते. पेशीत डीएनएची प्रत निघताना त्याचा पीळ सैल करण्याचे काम टोपोआयसोमरेझ-१ हे विकर करते. ही औषधे त्या विकराला मध्येच अडकवतात आणि झपाट्याने वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. टोपोटेकॅनमधले ‘टोपो’ आले ते या विकरावरून.

‘टेकॅन’ आले ही औषधे ज्यापासून बनतात त्या कॅम्पटोथेसिन या द्रव्यावरून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील संशोधक मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्पटोथिका या चिनी झाडातून हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी जन्माने नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. झाडाचे नाव ग्रीक आहे: ‘कॅम्पटोस’ म्हणजे वाकलेला, ‘थीकी’ म्हणजे कोष. त्याच्या फुलातले परागकोष आत वळलेले असतात.

पुढे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या संशोधकांना हेच द्रव्य सह्याद्रीतल्या एका झाडात मिळाले, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. राधानगरी, गगनबावडा, आंबा या कोल्हापूरच्या रानांत ते झाड आहे. फुलांना दुर्गंधी, म्हणून लोक त्याला नरक्या म्हणतात. जुन्या शास्त्रीय नावातल्या ‘फीटिडा’चा अर्थही दुर्गंधीयुक्त असाच. आता शास्त्रात ते नोथापोडायटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहम यांच्या निधनानंतर मुंबई परिसरातील वनस्पतींची त्यांची सूची १८३९ साली ज्यांनी पुरी केली, त्या निम्मो यांची आठवण या नावात आहे. मराठीत याच झाडाला अमृता असेही म्हणतात, आणि औषधाचा गुण पाहता ते नाव सार्थ आहे.

औषधाच्या नावात मात्र नरक्याचा मागमूस नाही. त्याची किंमत आधी तस्करांना कळली, गावाला नंतर. लाकूड, मुळे सगळेच विकले जात असल्याने झाड बुंध्यासकट जाते आणि पुन्हा वाढायला वर्षे लागतात. नरक्याचे तोडलेले लाकूड पकडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. जंगलालगत ज्यांचे मालकी रान आहे, त्यांनी नरक्याची रोपे लावावीत आणि रानातल्या झाडावर कुऱ्हाड पडू देऊ नये.