उंच घराला नकार : बीडीडी चाळींची गोष्ट

शेजारी उंच इमारत येणार म्हटलं की लोक हरकती घेतात. पाणी पुरेल का, ड्रेनेज तुंबेल, गाड्या कुठं लावायच्या... आपल्या सोलापुरातही हे ऐकू येतं. अशा विरोधाला ‘स्वार्थ’ म्हणून निकालात काढायची हल्ली सवय झाली आहे. म्हणून आज मी मुंबईतल्या अशा लोकांबद्दल बोलणार आहे, ज्यांना तिप्पट मोठं घर फुकट मिळणार होतं आणि तरी ते नको म्हणाले.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भयंकर टंचाई झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच बीडीडी. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर घ्यायचा, असा बेत. गिरणगावच्या माणसांना, म्हणजे आपल्यालाही, हा हिशेब लगेच कळेल! प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी उठल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, संडास सामाईक, खोली साधारण १६० चौरस फुटांची. म्हणजे सोळा हजारांच्या वर खोल्या झाल्या.

आणि कामगार म्हणाले, नको. भाडं परवडेना, वरळी तेव्हा लांब, सिमेंटच्या खोल्यांत उजेड-वारा कमी. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या. १९३०च्या कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग केला. हा पहिला नकार.

दुसरा आपल्या डोळ्यांदेखतचा. एप्रिल २०१७मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. म्हाडा बांधणार, १६०च्या जागी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, वरळीत चाळीस मजली टॉवर. तरी विरोध झाला. नायगावात तर रहिवाशांनी पात्रतेच्या सर्वेक्षणालाच हरकत घेतली. आधी नोंदणीकृत करार हातात द्या, मग खोली सोडतो, हे त्यांचं म्हणणं. मला यात काही आडमुठेपणा दिसत नाही. पिढ्यान् पिढ्या सरकारचे भाडेकरू राहिलेल्या माणसाकडं त्या खोलीचा ताबा एवढंच भांडवल असतं. संक्रमण शिबिरात गेल्यावर ते संपलं. उद्या अपात्र ठरवलं तर? लिफ्टचा, पंपाचा देखभाल खर्च पेन्शनीतून कसा भरायचा?

तर्कशास्त्रात आम्ही शिकवायचो, निषेध कशाचा आहे ते आधी पाहा. ‘नको’ आणि ‘या अटींवर नको’ ही दोन वेगळी विधानं आहेत. नायगावपासून जवळच असलेल्या शिवाजी पार्कचं बघा. २०१२ साली तो परिसर वारसा यादीत घालायचा प्रस्ताव आला, तर तिथल्या पुष्कळ रहिवाशांनी त्यालाच विरोध केला, कारण पुनर्विकास अडेल. म्हणजे ज्याचा हक्क पक्का, तो उंची मागतो. ज्याचा कच्चा, तो उंचीला भितो.

अर्थात उशिराची किंमतही द्यावी लागली. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडला. मधल्या आठ वर्षांत चाळीतली किती म्हातारी माणसं त्याच सामाईक संडासासमोर रांगेत उभी राहून गेली असतील! हे चाळकऱ्यांच्या बाजूनं बोलतानाही मी विसरू शकत नाही.

आणखी एक माणूस आहे, तो कुठल्याच बैठकीला नसतो. ज्याला शहरात घर हवंय, पण अजून मिळालेलं नाही, तो. त्याची हरकत कोण नोंदवणार?

आपल्याकडं या माणसाला आपण कुंभारीला पाठवलं. २००६मध्ये तिथं विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग रे नगरची ३०,००० घरांची योजना, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४मध्ये दिली. कामगारांनी लढून मिळवलेली घरं आहेत ती, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण ती शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर उभी राहिली, तिथं हरकत घ्यायला शेजारीच नव्हता. हीच घरं शहराच्या मध्यावर, आपल्या गल्लीला लागून उठणार असती, तर आज या सभागृहातल्या किती जणांनी अर्जावर सही केली असती?