कोणतं मीठ? एका कोऱ्या रकान्याची गोष्ट

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. कोकणातल्या मिठाच्या व्यापारावर काम सुरू होतं. एका जुन्या दुकानाच्या वह्यांमधून मिठाचे भाव उतरवून मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता: साल, महिना, गाव, माप, भाव. त्यावरून आलेख काढला. एका वर्षी भाव उसळलेला, पुढच्या वर्षी पडलेला. मग काय, लगेच पानभर कारणं लिहून काढली. कर वाढला असेल, अवकाळी पाऊस झाला असेल, वाहतूक बंद पडली असेल. मार्गदर्शकांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातलं मीठ कोणतं?"

मी म्हटलं, "मीठ म्हणजे... मीठ."

त्यांनी तक्ता परत दिला. मी पुन्हा वह्यांकडे गेले. ज्या नोंदींमुळे आलेख उसळत होता, त्यांतल्या काही शेंदेलोणाच्या होत्या. ते काष्ठौषधांच्या यादीत, हिरडा-ओव्याच्या शेजारी लिहिलेलं होतं. ज्या नोंदींमुळे भाव पडला होता, ते मासे खारवण्यासाठी घेतलेलं मीठ होतं. म्हणजे भाव हलला नव्हताच. मी तीन वेगळ्या वस्तू एका रकान्यात कोंबल्या होत्या.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर ही चूक आधीच ऐकून ठेवा, कारण ती मिठापुरती नाही. पण आज मिठाबद्दलच बोलू.

सुरुवात घरापासून करा. एक वाटी घ्या, ती खडे मिठानं भरून वजन करा. मग तीच वाटी पाकिटातल्या बारीक मिठानं भरा. बारीक मीठ जड भरेल, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. आता हे जुन्या नोंदींना लावून पाहा. वहीत मीठ पायलीनं दिलेलं असेल आणि सरकारी अहवालात मणानं, तर दाणा किती जाडा होता हे कळल्याशिवाय दोन्हींची तुलना करता येत नाही. जुन्या पाककृतींचंही तेच आहे. खडे मीठ गृहीत धरून लिहिलेलं 'चमचाभर' आज बारीक मिठानं मोजलं, तर पदार्थ खारट होतो. "चवीपुरतं" लिहिणाऱ्या बायका आळशी नव्हत्या, त्यांना हे ठाऊक होतं.

माझं आजोळ पेणच्या बाजूचं. तिथे मिठागरं लहानपणापासून पाहिली होती, पण ती नीट समजली थिसिसमुळेच. उधाणाला खाडीचं पाणी बांधाआड घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळं कसब वेळेचं आहे. पाणी आटताना आधी चुन्याचे क्षार, म्हणजे जिप्सम, खाली बसतं. त्यानंतर आपलं नेहमीचं मीठ, सोडियम क्लोराइड, धरतं. शेवटी उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडवट क्षार असतात. ते पाणी वेळेत काढलं नाही तर मीठ कडसर होतं. पावसाळ्यात खडे मिठाला पाणी सुटतं तेही मुख्यतः याच मॅग्नेशियममुळे, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. मिठाची रास काही काळ ठेवली की कडूपणा निथळतो. म्हणून 'जुनं मीठ' आणि 'नवं मीठ' हासुद्धा फरक आहे, आणि नोंद करणाऱ्याला तो लिहावासा वाटेलच असं नाही.

स्वयंपाकघरात या मिठांची कामं वाटलेली असतात. लोणच्याला आणि मासे खारवायला खडे मीठ. ते सावकाश विरघळतं, शिवाय पाकिटातलं मीठ मोकळं राहावं म्हणून जे घालतात त्यानं खाराचं पाणी गढूळ होऊ शकतं, तसं खडे मिठात होत नाही. कोकमाचं आगळ टिकतं तेही मिठाच्या जोरावर. उपवासाला अनेक घरांत सैंधव, म्हणजेच शेंदेलोण. ताकाला, चाटला पादेलोण. हे खाणीतल्या मिठाला हिरड्यासारख्या गोष्टींबरोबर भट्टीत तापवून करतात, आणि त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे त्याला तो वास येतो. मराठीनं नाव ठेवताना अजिबात भीड बाळगलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पापडखार मात्र मीठ नाही, तो सोड्याच्या जातीचा खार आहे. पण जुन्या कागदांत 'खार', 'क्षार', 'लोण' हे शब्द इतके एकमेकांत मिसळलेले असतात की लोणारच्या सरोवराबद्दलची नोंद वाचताना मीठ कुठे संपलं आणि सोडा कुठे सुरू झाला हे दर वेळी तपासावं लागतं. ऐन-ए-अकबरीत त्या भागाचा उल्लेख येतो तो काच आणि साबणाच्या सामग्रीसाठी, जेवणातल्या मिठासाठी नाही.

आता आयुर्वेदाकडे. इथे विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात, मीही घसरले होते. चरकसंहितेत सैंधव, सौवर्चल, बिड, औद्भिद आणि सामुद्र अशी पाच लवणं येतात. यातलं सामुद्र म्हणजे समुद्राचं, सैंधव म्हणजे सिंधू देशातलं, इथवर ठीक. पण सौवर्चल म्हणजे नेमकं काय? गुजरातीत काळ्या मिठाला संचळ म्हणतात, तो शब्द सौवर्चलाशी जोडला जातो. दुसरीकडे कोणी बिड म्हणजेच पादेलोण असं मानतं. टीकाकारांमध्ये आणि निघंटूंमध्ये यावर एकमत नाही. म्हणून 'चरकानं काळ्या मिठाचे हे हे गुण सांगितले आहेत' असं वाक्य प्रबंधात लिहाल, तर परीक्षक विचारणारच: कुठलं काळं मीठ?

याहून मोठी गंमत सैंधवाची. चरकानं लवणांमध्ये सैंधव श्रेष्ठ म्हटलं आहे, आणि हे वाक्य आज प्रत्येक घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. पण त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, पिंपळी, क्षार आणि लवण या तीन गोष्टी अति खाऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. तिथे उदाहरण म्हणून बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर या देशांतले लोक येतात. ते दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात आणि त्यामुळे शरीरानं शिथिल होतात, अशी ती तक्रार आहे. म्हणजे ज्या देशाचं मीठ सर्वांत चांगलं, त्याच देशातली माणसं 'अति मीठ खाणारे' म्हणून दाखवलेली. एकच वाक्य उचलणं आणि अख्खा ग्रंथ वाचणं यातला फरक मला इथे कळला.

यानंतर माझ्या विषयाचा गाभा. मिठाचे प्रकार निसर्ग करतो तसे राज्यकर्तेही करतात. १६७१ सालचं शिवाजी महाराजांचं कुडाळच्या सरसुभेदारांना लिहिलेलं पत्र तुम्ही वाचलं असेल. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडत होतं, व्यापारी तिकडे वळत होते. महाराजांची आज्ञा अशी, की त्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त पडणार नाही. मीठ म्हणून दोन्ही सारखीच, दोन्ही समुद्राची. फरक पडला तो कोणत्या राजवटीच्या आगरातलं यानं.

इंग्रजांनी तर मिठाच्या जातीच पाडल्या. १८८२ च्या कायद्यानं परवान्याशिवाय मीठ करणं गुन्हा ठरलं. त्या वर्षी कर मणाला दोन रुपये होता, १८८८ मध्ये अडीच झाला. पण कोकण किनाऱ्यावर सरकारनं मासे खारवण्यासाठी खास आवारं उघडली होती आणि तिथे मासे खारवायला बिनकराचं मीठ मिळायचं. तेच मीठ आवाराच्या कुंपणाबाहेर ताटात गेलं की चोरीचं. आता माझ्या तक्त्यातला तो 'पडलेला भाव' आठवा. मिठाच्या भावात कराचा हिस्सा इतका मोठा होता की कर वगळला, की भाव कोसळल्यासारखा दिसतो. १९३० मध्ये शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याला लोक मिठागरांत शिरले तेव्हा हेच कुंपण मोडत होते.

इथपर्यंत आल्यावर माझ्या डोक्यात प्रबंधाचा शेवट तयार झाला होता. तो असा: आधी परकीय सरकारनं कर लादून आमचं मीठ हिरावलं आणि मग स्वतंत्र भारतानं आयोडीनची सक्ती करून उरलंसुरलं मिठागर मारलं. शीर्षकसुद्धा ठरलं होतं. आजोळच्या मिठागरांवर बोलताना लोकही हेच सांगत होते: "आमचं मीठ खायचं नाही म्हणे, कारखान्याला द्यायचं." मला ते पटत होतं, कारण ते माझ्याच माणसांचं दुःख होतं.

मग मी कांगड्याचा अभ्यास वाचला.

हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंड पिढ्यानपिढ्या होता. गळ्यावरची सूज दिसते तरी, पण गरोदरपणी आयोडीन कमी पडलं की बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ते दिसत नाही. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, मधल्याला साधं. सुरुवातीला गलगंडाचं प्रमाण सुमारे ३८ टक्के होतं. १९६२ पर्यंत आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत ते लक्षणीय घटलं, मधल्या विभागात जवळपास तसंच राहिलं. मग तिथेही आयोडीनयुक्त मीठ सुरू केलं. त्याच वर्षी देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

पुढे पाहण्या होत गेल्या तशी ही कमतरता फक्त डोंगराळ भागातली नाही, महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांतही आहे, हे दिसलं. मला सर्वांत मोठा धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असणार, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. समुद्राच्या पाण्यातच ते थोडं असतं आणि मीठ धरताना त्यातलं फारच थोडं उरतं. आजोळचं खडे मीठ आणि खाणीतलं सैंधव, आयोडीनच्या बाबतीत दोघंही जवळजवळ रिकामेच.

ते ठरवलेलं शीर्षक मी खोडलं. पण उलट टोकालाही गेले नाही, कारण कायद्याची वाटचालसुद्धा सरळ नाही. १९९८ मध्ये खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आली, २००० मध्ये केंद्रानं ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू केली. कारखान्यात ३० पीपीएम आणि ग्राहकापर्यंत पोचताना किमान १५ पीपीएम आयोडीन, असा दंडक होता. छोट्या मिठागरवाल्याला आयोडीन फवारण्याचं यंत्र, तपासणी, पॅकिंग हे सगळं परवडणं अवघड. त्याचं नुकसान खरं आहे. आणि खोऱ्यातल्या बाळाचा वाचलेला मेंदूही खरा आहे. प्रबंधातल्या एकाच प्रकरणात दोन्ही मावतील असं लिहायला मला आठ महिने लागले.

त्या नियमात एक सवलत आहे, ती वाचताना मी खुर्चीतच ताठ बसले. बिनआयोडीनचं मीठ टिकवणीसाठी, जनावरांसाठी, औषधांसाठी आणि उद्योगांसाठी, तसं लेबल लावून, विकायला मुभा होती. म्हणजे लोणच्याचं आणि माशांचं मीठ वेगळं, ताटातलं वेगळं. इंग्रजांच्या त्या आवाराचं कुंपण इथे पुन्हा, कारण मात्र पूर्ण वेगळं.

आरोग्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे लिहिलं की मेसेज येतातच. दुकानात 'हिमालयन' म्हणून मिळणारं गुलाबी मीठ मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवड्याच्या खाणीतलं असतं. ती खाण मिठाच्या डोंगररांगेत आहे, हिमालयात नाही. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. त्यातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी ते 'हलकं' समजून हात सैल सोडू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्यात सगळ्या रंगांचं मीठ आलं. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उपवासापुरतं सैंधव ठीक. घरातलं रोजचं मीठ बदलून सैंधव आणणार असाल आणि घरात कोणी गरोदर असेल, तर कांगड्याचा मधला विभाग आठवा.

माझ्या तक्त्यात आता तीन रकाने जास्त आहेत: कोणतं मीठ, कशासाठी, आणि कर भरलेलं की बिनकराचं. पुष्कळ ओळींत ते कोरेच आहेत, कारण वहीत लिहिलेलंच नाही. कोऱ्या ओळी आलेखातून काढल्या, तेव्हा आलेख अर्ध्याहून लहान झाला. आजीच्या ओट्यावर मात्र दोन बरण्या शेजारी शेजारी आहेत, आमटीला पाकिटातलं आणि लोणच्याला खडे. हे तिला कोणी शिकवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? जे ज्याचं, ते त्याला."